नदीकाठी एक रात्र झोपायला साडेचार हजार कायले लागतात?



पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. ज्याला वेळ नाही त्याच्यासाठी आधीच सांगतो : आपल्या नद्यांचे काठ कोणाचे, हे ठरवायची वेळ आली आहे. आपण गप्प बसलो तर दुसरं कोणीतरी ठरवेल आणि आपल्याला फक्त बोर्ड वाचायला मिळेल.

आता सविस्तर.

गेल्या महिन्यात आम्ही चौघं चंद्रपूरकडे गेलो होतो. एकाचं दवाखान्याचं काम होतं, ते दुपारी आटोपलं. रात्री परत एटापल्लीला यायचं म्हणजे पुढून-मागून ट्रकच ट्रक. म्हणून ठरवलं, शहराजवळ एखाद्या तलावाच्या काठी मुक्काम करू आणि पहाटे निघू. सोबत सतरंज्या होत्या, मच्छरदाणी होती, गंज होता, तांदूळ होते. साडेसहाच्या सुमारास चौकीदार आला.

"भाऊ, इथं नाही बसायचं. साहेब रागावते मले."

माणूस भला होता, त्याच्यावर राग नाही. आम्ही विचारलं, मग बसायचं कुठं? त्यानं समोरच्या काठाकडे बोट दाखवलं. तिकडे एका रिसॉर्टचे दिवे लागले होते. पाण्यापर्यंत लाकडी ओटा बांधलेला, वर खुर्च्या, गाणी चालू. गंमत म्हणून फोन लावला. एका माणसाचे एका रात्रीचे साडेचार हजार, नाश्ता धरून. चौघांचे अठरा हजार. पाणी तेच, आकाश तेच, डास पण तेच.

आम्ही बस स्टँडवर झोपलो.

पंधरा दिवसांनी तेच चौघं इकडे आपल्या बांडियाच्या काठी गेलो. (कागदावर बांडिया, आपल्या तोंडी बांडे.) गावात विचारलं, पाटलाने जागा दाखवली, गावातल्या दोन पोट्ट्यांना सोबत घेतलं. हिशेब देतो. दोन गाड्यांचं पेट्रोल ३००, गावातूनच घेतलेला कोंबडा ५००, तेल-कांदे-मिरची ८०, चहा-साखर-बिस्कीट ६०. तांदूळ घरचे. एकूण ९४०. माणशी २३५ रुपये. आणि कोंबड्याचे पाचशे ज्या घरात गेले त्या घरच्या बाईने वरून आंबाडीची चटणी दिली, तिचे पैसे घेतले नाहीत.

साडेचार हजार आणि दोनशे पस्तीस. या दोन आकड्यांच्या मधे जे काही चाललं आहे, त्यावर ही पोस्ट आहे.

काही जण म्हणतील, भाऊ, इथं खाणीचा प्रश्न पेटलाय, रस्ते फुटलेत, दवाखान्यात डॉक्टर नाही आणि तू तंबू घेऊन बसलास? बरोबर आहे. पण ऐका.

सूरजागडच्या डोंगराचं काय झालं ते आठवा. २००७ मध्ये ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मंजूर झाला. खोदकाम सुरू झालं २०१६ मध्ये. मधली नऊ वर्षं आपल्यातल्या किती जणांना माहीत होतं की डोंगर कागदावर दिला गेला आहे? माहीत झालं तेव्हा मशिनी येऊन उभ्या होत्या. मग मोर्चे, निवेदनं, कोर्टकचेऱ्या. खाणीच्या बाजूने असा की विरोधात, एवढं तर मान्य कराल : निर्णय आधी झाला आणि चर्चा नंतर झाली.

नदीकाठाचं तसंच होऊ द्यायचं आहे का?

कारण आता वारं बदललं आहे. चाळीस वर्षं या भागात बाहेरचा माणूस संध्याकाळनंतर थांबत नव्हता. १५ ऑक्टोबर २०२५ ला भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. चांगलं झालं. भीती कमी झाली याचा आनंद आपल्याइतका कोणाला असेल? दोन्हीकडून मार आपल्याच गावांनी खाल्ला. पण भीतीने एक काम नकळत केलं होतं : नद्यांचे काठ रिकामे ठेवले होते. बांडिया, पर्लकोटा, पामुलगौतम, इंद्रावती, प्राणहिता. एवढा लांब, एवढा स्वच्छ, एवढा मोकळा काठ महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे राहिला आहे सांगा. आता भीती गेली की टेंडर येणार. लिहून ठेवा. भामरागडच्या त्रिवेणी संगमावर 'रिव्हर व्ह्यू'ची पाटी लागायला फार वर्षं लागणार नाहीत.

म्हणून आज बोलतोय. पाटी लागल्यावर नाही.

आता पहिला गैरसमज. "कॅम्पिंग हे पुण्या-मुंबईच्या लोकांचं खूळ, आपल्याला कायले पाहिजे?" हे मला आपल्याच एका शिक्षक मित्राने ऐकवलं. सर, राग मानू नका, पण दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ठाकूरदेवाच्या यात्रेला सूरजागडच्या पायथ्याशी काय होतं? इलाक्यातल्या गावागावांतून लोक येतात, पायी येतात, पोरंबाळं घेऊन येतात. उघड्यावर चुली पेटतात, शेकोटीभोवती रेला होतो, तिथेच झोपतात. तंबू नाही, पलंग नाही, वेटर नाही. महाशिवरात्रीला मार्कंडाला वैनगंगेच्या काठी काय होतं? एप्रिल २०२२ मध्ये प्राणहिता पुष्करला सिरोंचात बारा दिवस काय झालं? लाखो माणसं नदीवर आली. घाट, तात्पुरती शौचालयं, पिण्याचं पाणी, बोटी, पोहणारे, डॉक्टर, सगळं याच सरकारी यंत्रणेने उभं केलं.

बाबा आमटेंनी १९६७ पासून मूलजवळच्या सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरवली. मे महिन्याच्या उन्हात पोरं तिथं राहायची, खपायची, रात्री गाणी म्हणायची. 'छावणी' हा शब्द आपल्याकडे तेव्हापासून घरातला आहे.

म्हणजे नदीकाठी, डोंगराकाठी, जंगलात उघड्यावर मुक्काम करणं ही आपली जुनी सवय आहे. फक्त आपण त्याला कॅम्पिंग म्हणत नव्हतो आणि त्याचं बिल फाडत नव्हतो. देवाच्या नावाने बारा दिवस जमतं तर साध्या माणसाला शनिवारी एक रात्र का जमत नाही?

दुसरा मुद्दा अवघड आहे, तो टाळणार नाही. पाण्यात माणसं मरतात.

मार्च २०२५ मध्ये नागभीडजवळच्या घोडाझरी तलावात एकाच दिवशी पाच तरुण बुडाले. मे २०२५ मध्ये व्याहाडजवळ वैनगंगेत गडचिरोलीच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे तीन विद्यार्थी गेले. उद्या आपल्यावर उपचार करणारी पोरं होती ती. अशी बातमी आली की दोन दिवस हळहळ, तिसऱ्या दिवशी बोर्ड : 'पाण्यात उतरण्यास सक्त मनाई. आदेशावरून.' संपलं. प्रशासनाची जबाबदारी त्या पत्र्यावर रंगवून झाली.

मला सांगा, बोर्डाने किती जण वाचले? उन्हाळ्यात ४५ अंशाला शहर तापतं. चंद्रपूरच्या पोराला एसी नाही, खोलीवर पंखा गरम हवा फेकतो, जलतरण तलावाची फी परवडत नाही. तो नदीवर जाणारच. बंदी घातली तर तो जायचा थांबत नाही, फक्त लपून जातो. जिथे चौकीदार नाही, वस्ती नाही, आरडाओरडा ऐकणारं कोणी नाही, तिथे जातो. आणि नदी आता त्याच्या आजोबाच्या वेळची राहिलेली नाही. वाळू उपसून पात्रात खड्डे झाले आहेत. वरून गुडघाभर पाणी दिसतं, पुढचं पाऊल दोन पुरुष खोल. गावातला ढीवर सांगू शकतो की इथं उतर, तिथं नको. पत्र्याचा बोर्ड सांगू शकत नाही.

पुष्करमध्ये पोहणारे आणि बोटी ठेवल्या होत्याच ना? मग उपाय माहीत आहे. माहीत असलेला उपाय फक्त यात्रेपुरता वापरायचा आणि बाकी वर्षभर बोर्ड लावायचा, याला मी काळजी म्हणत नाही, हात झटकणं म्हणतो.

हेही कबूल करतो की सगळीकडे मुक्काम नको. इरई धरणाचं पाणी चंद्रपूर शहर पितं, त्याच्या भिंतीजवळ चुली पेटवायच्या नाहीत, मान्य. ताडोब्याच्या बफरमध्ये पाणवठ्यावर वाघ येतो, तिथे सतरंजी टाकणं हा मूर्खपणा. चपराळा आणि भामरागड अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय राहायचं नाही, तेही बरोबर. आणि ठाकूरदेवाच्या डोंगरावर तंबू तर मीच लावू देणार नाही. पण 'इथे नको' याला कारण लागतं. आणि ते कारण रिसॉर्टलाही तेवढंच लागू पाहिजे. सतरंजी टाकली तर वाघाला त्रास आणि स्पीकर लावला तर वाघ नाचतो, असं तर नाही ना?

तिसरा मुद्दा, रिसॉर्टवाल्यांचा. ते म्हणतात रोजगार येतो, विकास येतो. मी सरसकट विरोध करत नाही. ज्याला एसीत झोपून नदी पाहायची त्याने खुशाल पाहावी, स्वतःच्या जमिनीवर बांधावं, कायदा पाळावा. पण काठ अडवायचा नाही. हे मी माझ्या मनचं बोलत नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात हेच सांगितलं. हिमाचलमध्ये बियास नदीकाठी एका हॉटेलसाठी वनजमीन दिली गेली होती आणि हॉटेल वाचवायला नदीचा प्रवाहच वळवला होता. कोर्टाने ती जमीन काढून घेतली. म्हणाले, नद्या, किनारे, जंगल ही जनतेची ठेव आहे. सरकार तिचं विश्वस्त आहे, मालक नाही. विश्वस्ताला ठेव विकता येत नाही.

विश्वस्त. हा शब्द आपल्या प्रत्येक तहसील कचेरीत भिंतीवर लिहून ठेवायला हवा.

आणि रिसॉर्टच्या वाटेने काय होतं ते ऋषिकेशला पाहा. गंगेच्या वाळूवर आधी दहा-वीस तंबू, मग शेकडो, मग जनरेटर, दारू, घाण. शेवटी डिसेंबर २०१५ मध्ये हरित लवादाने कौडियाला ते ऋषिकेश पट्ट्यातल्या कॅम्पवर बंदी आणली. मोठा मालक दुसरीकडे गेला. तंबू ठोकणारा, भांडी घासणारा, बोट चालवणारा गावातला पोरगा घरी बसला. पुण्याजवळ पवना धरणाच्या काठी आज तंबूंच्या रांगा लागतात, शनिवारी रात्री भजनाचा आवाज ऐकू येणार नाही इतका डीजे. आपल्याला बांडियाचं पवना करायचं आहे का?

चौथा मुद्दा आपल्याच लोकांबद्दल आहे. कडू लागेल.

संगमावर, पुलाखाली, दिना धरणाच्या भिंतीवर रविवारी संध्याकाळी जाऊन पाहा. बाटल्या, द्रोण, चिप्सची पाकिटं. फुटलेल्या काचेवर अनवाणी पाय कोणाचा पडतो? पुण्याच्या माणसाचा नाही. तिथे सकाळी मासे धरायला येणाऱ्या बाईचा पडतो. आणि ते टाकणारेही पुण्याचे नाहीत. आपलेच आहेत. चंद्रपूर, गडचिरोली, आलापल्ली, आणि हो, खाणीच्या कामावर आलेले पाहुणेही.

दुसरं, ते मोबाईल. नदीवर बाया आंघोळ करतात, कपडे धुतात, पाणी भरतात. ती त्यांची मोरी आहे, त्यांचं अंगण आहे. तिथे उभं राहून 'माडिया लाइफ'च्या रील काढणाऱ्यांना मी एकच विचारतो : तुमच्या घरच्या न्हाणीसमोर कोणी कॅमेरा घेऊन उभा राहिला तर काय कराल? जे कराल ते स्वतःला करून घ्या.

गावं बाहेरच्यांना नको म्हणतात ते याच्यामुळे. आणि त्यांना नको म्हणायचा पूर्ण हक्क आहे. मोकळा काठ म्हणजे धिंगाणा घालायचा परवाना नाही. आपण असे वागलो तर बंदीची मागणी गावच करेल आणि मी गावाच्या बाजूने उभा राहीन.

मग चालवणार कोण? सरकार? खासगी कंत्राटदार? माझं उत्तर : ग्रामसभा.

हसू नका. या जिल्ह्यात मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना द्यायचा अधिकारही गावाच्या हातात आला. तेव्हाही साहेब लोक हसले होते. आज जिल्ह्यातल्या ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात, ठेकेदाराशी भाव ठरवतात, बँकेत खातं चालवतात, मजुरी वाटतात. जी ग्रामसभा तेंदूचा व्यवहार सांभाळते, तिला एका सतरंजीचे शंभर रुपये घेऊन पावती फाडता येणार नाही? पेसा आहे, वनहक्क कायदा आहे. कागद आपल्या बाजूने आहे, उठून वापरायचा आहे फक्त.

उलट, भीती दुसरीच आहे. २०२३ मध्ये वन संवर्धन कायदा बदलला. वन आराखड्यात धरलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सुविधा आता 'वनेतर वापर' धरल्या जात नाहीत. म्हणजे दार उघडलं आहे. त्या दारातून आधी कोण आत येतं एवढंच बघायचं : ग्रामसभेचा ठराव की नागपूरच्या बिल्डरचा प्रस्ताव.

बाहेरच्या देशांतलं एक उदाहरण देतो, कारण 'असं कुठे असतं का' म्हणणारे भेटतातच. नॉर्वेत १९५७ पासून कायदा आहे. कोणीही, अगदी परदेशी माणूसही, मोकळ्या रानात तंबू टाकू शकतो. फक्त घरापासून दीडशे मीटर लांब राहायचं आणि परवानगीशिवाय दोन रात्रींपेक्षा जास्त थांबायचं नाही. स्कॉटलंडने २००३ मध्ये असाच हक्क दिला. पण ग्लासगो शहराजवळच्या लॉक लोमंड तलावावर इतकी गर्दी आणि घाण झाली की २०१७ पासून तिथल्या ठरावीक काठांवर मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो. परवान्याची फी किती? एका तंबूला, एका रात्रीला, काही पौंड. तिथल्या एका साध्या जेवणापेक्षा कमी. नीट पाहा त्यांनी काय केलं : गर्दी झाली म्हणून गरिबाला हाकललं नाही आणि काठ रिसॉर्टला विकला नाही. जागा ठरवल्या, संख्या ठरवली, फी नावाला ठेवली. शहराजवळच्या पाण्याला हाच न्याय लागतो. लांबच्या नदीला नियम कमी चालतात, जवळच्या नदीला जास्त. पण दोन्ही ठिकाणी दार उघडं.

आता पैशाचं. 'निधी नाही' हे वाक्य या जिल्ह्यात तरी कोणी उच्चारू नये. खनिजावर जी रॉयल्टी बसते, तिच्यावर वेगळी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला जाते. २०१५ च्या आधीच्या जुन्या पट्ट्यांसाठी ती रॉयल्टीच्या ३० टक्के आहे. सूरजागडचा पट्टा जुन्यातला. हा पैसा खाणीने बाधित लोकांसाठी आहे. त्यातला मोठा हिस्सा पाणी, आरोग्य, शिक्षण यावर गेला पाहिजे, त्याला हात लावा असं मी म्हणत नाही. पण नदीकाठी दोन शौचालयं, एक हातपंप, दोरखंड, हवा भरलेल्या ट्यूब, दहा लाइफ जॅकेट, आणि गावातल्या चार पोरांना बुडत्याला वाचवायचं प्रशिक्षण, याला किती लागतं? ज्या नदीच्या खोऱ्यातून डोंगर उचलून नेला, त्या नदीच्या काठासाठी एवढं मागणं जास्त आहे?

आणि नदीच लाल झाली तर तंबू कुठं लावणार? पावसाळ्यात खाणीकडचा लाल गाळ नाल्यात, शेतात येतो ही तक्रार आजूबाजूच्या गावांनी कितीदा केली आहे. ज्याला काठ हवा आहे त्याला स्वच्छ पाणीही हवंच आहे. शहरातला माणूस वर्षातून दोनदा या काठावर झोपला, तर नदी बिघडल्यावर ओरडणाऱ्यात आणखी एक आवाज वाढेल. आज बांडियासाठी चंद्रपुरात कोण ओरडतं? कोणी पाहिलीच नाही तर ओरडेल कसं?

तर माझ्या मागण्या अशा आहेत :

१. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्ह्यांत शहरापासून तासाभराच्या अंतरात साध्या मुक्कामाच्या काही जागा जाहीर करा. वैनगंगेचा काठ, जुनोना तलाव, रेगडीचा कन्नमवार जलाशय, आणि दक्षिणेत अहेरी-आलापल्लीजवळ प्राणहिता. कुठे वाघ, कुठे पिण्याचं पाणी, हे पाहूनच ठरवा, पण ठरवा.

२. पक्कं बांधकाम शून्य. सिमेंट नको, जनरेटर नको, डीजे नको. शौचालय, हातपंप आणि सावलीपुरती एक शेड, बस.

३. फी एका माणसाला एका रात्रीला शंभर रुपयांच्या वर नको. स्थानिक विद्यार्थ्यांना निम्मी. गावच्या माणसाला शून्य, कारण त्याच्याच घरात तुम्ही आलात.

४. जागा चालवणार ग्रामसभा किंवा गावचा बचत गट. पैसा ग्रामसभेच्या खात्यात. ज्या गावाला नको आहे त्याचा नकार अंतिम.

५. प्रत्येक जागी ढीवर समाजातले किंवा गावातले प्रशिक्षित जीवरक्षक, मानधन देऊन. बोर्डाच्या जागी माणूस.

६. धरण-बंधाऱ्याचं पाणी सोडायच्या आधी या जागांवर निरोप पोहोचलाच पाहिजे. गोसीखुर्दचं पाणी सुटलं की वैनगंगा कशी वाढते, आणि चिचडोहचे दरवाजे उघडले की खाली काय होतं, हे नदीकाठच्याला सांगायला नको. बाहेरच्याला सांगावं लागतं.

७. नदीकाठच्या कोणत्याही रिसॉर्टने पाण्यापर्यंतची वाट अडवायची नाही. अडवली असेल तर मोकळी करा.

जे कायद्याची वाट न पाहता या हिवाळ्यात निघणार आहेत, त्यांना चार गोष्टी. आधी गावात जा, पाटलाला, भूमियाला विचारा. विचारल्याशिवाय थांबू नका. वाळूवर झोपू नका. झाडाच्या फांदीत पुराचा कचरा अडकलेला दिसतो, त्याच्या वरच्या अंगाला अंथरूण टाका. वर छत्तीसगडात पाऊस पडला तर इकडे आभाळ निरभ्र असतानाही पाणी चढतं. मच्छरदाणी घरी विसरलात तर परत जा, कारण एटापल्ली-भामरागडचा मलेरिया चेष्टा नाही. पंधरा फेब्रुवारीनंतर जंगलात आग लावायची नाही, भाकरी घरून बांधून न्या. आणि तेल, मीठ, कोंबडा जे काय लागेल ते त्याच गावातून घ्या, चंद्रपूरच्या मॉलमधून भरून आणू नका.

त्या रात्री बांडियावर आमच्यासोबत गावातले एक म्हातारे आजोबा येऊन बसले होते. शेकोटीला हात धरून बराच वेळ गप्प. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही इथं कायले आले बाप्पा? इथं तर काहीच नाही."

आम्ही म्हटलं, आजोबा, काहीच नाही म्हणूनच आलो.

ते हसले. म्हणाले, "मग तसंच राहू द्या."

मला वाटतं एवढीच मागणी आहे. तसंच राहू द्या, पण येणाऱ्याला येऊ द्या.

येत्या २६ जानेवारीला गावोगावी ग्रामसभा आहे. ज्यांची गावं नदीकाठी आहेत त्यांनी एक ठराव मांडा : आमच्या हद्दीतला नदीचा काठ ग्रामसभेच्या संमतीशिवाय कोणालाही भाड्याने, करारावर किंवा टेंडरने देऊ नये. दोन ओळींचा ठराव आहे. सचिव नाही म्हणाले तर कायद्याचं कलम विचारा. ठराव झाला की त्याचा फोटो इथे कमेंटमध्ये टाका. मी यादी करतो.

ज्यांना पटत नाही त्यांनीही लिहा. शिव्या नको, मुद्दे द्या. आणि ज्यांच्या ओळखीत रिसॉर्टवाले आहेत त्यांनी त्यांनाही टॅग करा. त्यांनाही कळू दे की काठावर आधीपासून कोणीतरी बसलेलं आहे.

#काठ_सगळ्यांचा #बांडिया #सूरजागड